अनोळखी शब्द आला तर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, 'माझं काम' या सत्रात केलेलं भाषण)

संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी आपला डॉक्टर मित्र गुडघ्यांवर बोलला आणि सगळं सभागृह कान टवकारून ऐकत होतं. साहजिक आहे, गुडघे सगळ्यांनाच आहेत. माझ्या कामाचं तसं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोक 'वा' म्हणतात आणि लगेच मोबाइल हँग होतो त्याचं काय करायचं ते विचारतात. ते मला येत नाही. म्हणून आज मी माझ्या कामातला एक अगदी लहानसा तुकडा घेऊन आले आहे. इतका लहान, की आमच्या क्षेत्रातलेही पुष्कळ जण त्याला पाच मिनिटांचं काम समजतात. मी त्यावर बरीच वर्षं घालवली आहेत.

तुम्ही सिनेमात पाहिलं असेल, काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि कुणीतरी भराभर टाइप करतंय. त्याला कमांड लाइन म्हणतात. सिनेमातला वेग सोडला तर बाकी खरं आहे. तिथे माऊस नाही, बटणं नाहीत. आधी प्रोग्रामचं नाव लिहायचं आणि पुढे सूचना लिहायच्या. युनिक्समध्ये फायलींची यादी दाखवणारी आज्ञा दोन अक्षरांची आहे, एलएस. तिच्यापुढे डॅश देऊन एल लिहिलं तर सविस्तर यादी मिळते, टी लिहिलं तर वेळेनुसार, आर लिहिलं तर उलट्या क्रमानं. या डॅशवाल्या सूचनांना ऑप्शन म्हणतात. हल्ली लांब नावाचे ऑप्शनही असतात, त्यांच्या आधी दोन डॅश येतात.

या ओळीची फोड करून कुठला शब्द काय सांगतो ते ठरवणारा जो भाग प्रोग्राममध्ये असतो, त्याला पार्सर म्हणतात. मराठीच्या सरांनी आपल्याकडून 'शब्दांचे व्याकरण चालवा' हा प्रश्न घोटून घेतला होता ना, तेच काम. सर, तेव्हा आम्ही कंटाळायचो. मला आता त्याचाच पगार मिळतो.

तर प्रश्न असा. प्रोग्रामला समजा दहा ऑप्शन माहीत आहेत. टाइप करणाऱ्यानं अकराव्वाच लिहिला. किंवा दहांपैकीच लिहिला, पण स्पेलिंग चुकलं. प्रोग्रामनं काय करावं?

संगणक बाजूला ठेवून वाण्याच्या दुकानात जाऊ. आईनं चिठ्ठी देऊन पाठवलंय. साखर २ किलो, तूरडाळ १ किलो, आणि तिसरी ओळ वाण्याला लागत नाही. एक वाणी साखर-डाळ बांधून देतो आणि तिसऱ्या ओळीबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसरा म्हणतो, 'असेल हिंगच,' आणि हिंगाची डबी पिशवीत टाकतो. तिसरा चिठ्ठी परत देतो, 'आईला विचारून ये.' पोराला हेलपाटा पडतो, आई वैतागते. तिसरा वाणी कुणालाच आवडत नाही, आणि पहिल्याची गिऱ्हाइकं खूश असतात.

पण आता त्या तिसऱ्या ओळीत काय होतं ते पाहा. 'गेल्या वेळची डाळ किडकी होती, तीच असेल तर देऊ नका.' वाण्यानं न वाचलेली ओळ प्रत्येक वेळी जास्तीची वस्तू मागणारी असते असं नाही. ती अडवणारीही असू शकते. ती गाळली तर चिठ्ठीतला एक जिन्नस कमी होत नाही, चिठ्ठीचा अर्थच उलटा होतो. कमांड लाइनवर असे अडवणारे ऑप्शन पुष्कळ असतात. हा फोल्डर वगळ, आधीची फाइल असेल तर तिच्यावर लिहू नकोस, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे ड्राय-रन. ड्राय-रन म्हणजे रंगीत तालीम. काय काय करणार आहेस ते फक्त दाखव, प्रत्यक्ष काही करू नकोस.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयातून आमच्याकडे निरोप आला. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. त्यांच्याकडे जुने स्कॅन केलेले रिपोर्ट डिस्कवरून काढून टाकणारं एक टूल होतं. बाहेरच्या कुणा कंत्राटदारानं पूर्वी कधीतरी लिहून दिलेलं. ठरावीक तारीख द्यायची, त्याच्या आधीच्या फायली ते पुसायचं. रात्रपाळीला असलेली एक मुलगी, वय असेल तेवीस-चोवीस, तिनं नियमाप्रमाणे आधी तालीम करायचं ठरवलं. तारीख लिहिली आणि पुढे ड्राय-रन लिहिला. फक्त 'ड्राय' आणि 'रन' यांच्यामधली आडवी रेघ राहिली. टूलला जोडून लिहिलेला 'ड्रायरन' माहीत नव्हता. त्यानं तो शब्द सोडून दिला, तारीख बरोबर वाचली, आणि पुसायला सुरुवात केली. पडद्यावर नावं सरकत होती. तिला वाटलं, तालीम चालू आहे.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून बहुतेक सगळं परत मिळालं. मधल्या दिवसात भरलेले रिपोर्ट मात्र कागद शोधून पुन्हा स्कॅन करावे लागले. मी तिथे पोचले तेव्हा चौकशीचा मसुदा तयार होता आणि त्यातली पहिली ओळ होती, 'ऑपरेटरच्या चुकीच्या टायपिंगमुळे.' ती मुलगी खोलीच्या कोपऱ्यात बसली होती, कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

मी टूलचा कोड उघडला. एक चक्र होतं. एकेक शब्द घ्या. हा पहिला ऑप्शन आहे का, दुसरा आहे का, तिसरा, चौथा. चारांपैकी नसेल तर? तर काहीच नाही. पुढच्या शब्दाकडे जा. लिहिणाऱ्यानं 'नाहीतर' ही फांदी लिहिलीच नव्हती. त्याला ते सुचलंच नसणार, कारण तपासून पाहताना त्यानं स्वतः नेहमी बरोबरच ऑप्शन लिहिले असणार.

बैठकीत तिथल्या एका अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, 'पण मॅडम, तिनं चुकीचं टाइप केलं हे तर खरं ना?' मी म्हटलं, 'खरं आहे. तिनं पुसू नकोस असंच सांगितलं होतं, त्यात एक रेघ कमी पडली. टूलला एक शब्द कळला नाही, आणि न कळल्यावर त्यानं जे परत मिळणार नाही असं काम सुरू केलं. तुम्ही हिला काढलंत तरी टूल तिथेच राहील आणि उद्या दुसरं कुणी रेघ विसरेल.' मग मी त्यांच्याच संगणकावर, रिकाम्या फोल्डरवर, ऑप्शनच्या जागी आपल्या शाळेचं नाव टाइप करून दाखवलं. टूलनं ते निमूटपणे स्वीकारलं आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं. खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. अंतिम अहवालात ती पहिली ओळ नव्हती. मुलगी कामावर राहिली.

त्या टूलमध्ये आम्ही काय बदललं ते सांगते, कारण खरी गंमत तपशिलात आहे. पहिली गोष्ट क्रमाची. आधी सगळी ओळ शेवटपर्यंत वाचायची, त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे याची खात्री करायची, आणि मगच कामाला हात घालायचा. घाईनं लिहिलेले प्रोग्राम वाचता वाचता काम करतात, म्हणजे तिसऱ्या शब्दावर अडखळेपर्यंत पहिल्या दोन शब्दांचं काम होऊन गेलेलं असतं. अर्धवट झालेलं काम निस्तरणं हे मुळीच न झालेल्या कामापेक्षा कितीतरी अवघड.

दुसरी गोष्ट, थांबताना काय बोलायचं. 'चुकीचा वापर' एवढंच सांगून थांबणारे प्रोग्राम मला त्या कारकुनासारखे वाटतात, जो अर्ज परत करतो पण कुठला रकाना चुकला ते सांगत नाही. न कळलेला शब्द जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत दाखवला पाहिजे. अवतरणचिन्हांचा हट्ट का? कारण चूक कित्येकदा डोळ्यांना दिसत नाही. आज्ञा वर्डमधल्या फायलीतून किंवा ईमेलमधून उचलून चिकटवली जाते, आणि वर्ड आपल्या शहाणपणानं दोन लहान डॅशचा एक लांब डॅश करून टाकतं. आपल्याला वाटतं डॅशच आहे. पार्सरच्या दृष्टीनं ते निराळंच अक्षर आहे, त्यामुळे तो त्या शब्दाला ऑप्शन मानतच नाही, फायलीचं नाव समजतो. मग 'अनोळखी ऑप्शन' असंसुद्धा येत नाही, 'अशी फाइल नाही' असं येतं, आणि माणूस तासभर फाइल शोधत बसतो. आमच्या टूलमध्ये आता सुरुवातीला लांब डॅश दिसला तर तसं स्पष्ट सांगतो.

तिसरी गोष्ट, कुठे बोलायचं. प्रोग्रामला बाहेर बोलायला दोन नळ असतात, एक उत्तराचा आणि एक तक्रारीचा. एका प्रोग्रामचं उत्तर पुष्कळदा सरळ दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडी जातं. तक्रार त्याच नळातून सोडली तर पुढचा प्रोग्राम तिला उत्तर समजून गिळतो. शिवाय काम संपताना प्रत्येक प्रोग्राम मागे एक आकडा ठेवून जातो. ० म्हणजे सगळं ठीक, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिनसलं. (आपल्या शाळेत उलट होतं, ते मला माझ्या भूगोलाच्या पेपरांवरून नीट आठवतं.) पायथन भाषेबरोबर येणारा आर्गपार्स नावाचा पार्सर अनोळखी ऑप्शन आला की तक्रारीच्या नळात बोलतो आणि २ हा आकडा ठेवून बाहेर पडतो. तो आकडा महत्त्वाचा, कारण रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या कामाचा पडदा बघायला कुणी जागं नसतं. म्हणूनच 'नुसता इशारा द्या आणि पुढे जा' हा तोडगा मला मान्य नाही. इशारा द्यायला ऐकणारा समोर लागतो.

हे सगळं काही नवीन नाही, बरं का. युनिक्समध्ये गेटऑप्ट नावाचं फंक्शन फार जुनं आहे. एटी अँड टी कंपनीनं १९८५ साली ते सगळ्यांना वापरायला खुलं केलं. त्याला अनोळखी अक्षर दिसलं की ते लिहिणाऱ्याच्या हातात एक प्रश्नचिन्ह ठेवतं. खरोखरच, '?' हे अक्षर. त्या प्रश्नचिन्हाचं पुढे काय करायचं हे मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडलेलं आहे. रुग्णालयातल्या त्या कंत्राटदारानं गेटऑप्ट वापरलंच नव्हतं, स्वतःच चक्र लिहिलं होतं, त्यामुळे त्याच्या हातात प्रश्नचिन्हही पडलं नाही.

आता दुसऱ्या वाण्याकडे येऊ, अंदाज करणाऱ्या. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना आवडेल असा यात थोडा भाग आहे. दोन शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजता येतं. लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली ही मोजणी मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. 'कमल' आणि 'कमळ' यांच्यातलं अंतर १. 'कमल' आणि 'कमाल' यांचंही १, एक काना. 'कमळ' आणि 'कमाल' यांचं २. 'ड्रायरन' आणि 'ड्राय-रन' यांचं अंतर १, फक्त रेघेचं. तेव्हा टूलनं म्हणावं, 'हा शब्द मला माहीत नाही, तुम्हाला ड्राय-रन म्हणायचं होतं का?' आणि थांबावं. गिट नावाचं, जगभर प्रोग्रामर वापरतात ते टूल, आज्ञेचं नाव चुकलं की असंच सुचवतं.

सुचवणं आणि परस्पर करून टाकणं यात मात्र मोठी दरी आहे. गिटमध्ये एक सेटिंग आहे, ते लावलं तर चुकलेली आज्ञा ओळखून गिट ती आपणच चालवतं, आधी थोडं थांबून. किती थांबायचं तो आकडा सेटिंगमध्ये लिहायचा, आणि तो दशांश सेकंदांत मोजला जायचा. लोकांनी '१ म्हणजे हो' असं समजून १ लिहिलं. गिट एक दशांश सेकंद थांबायचं. तेवढ्या वेळात रद्द करायला बोटं कुणाची पोचणार?

अंदाजाचा आणखी एक सभ्य दिसणारा प्रकार आहे. लांब ऑप्शनची पहिली काही अक्षरं लिहिली तरी कित्येक पार्सर पूर्ण शब्द ओळखतात. सोय आहे, मला तरुणपणी फार आवडायची. वर्गात एकच जोशी होता तोवर 'जोशी' म्हणून हाक मारलेली चालत होती. आठवीत दुसरा जोशी आला आणि हजेरी घेताना गोंधळ सुरू झाला. ऑप्शनचंही तेच. आज एखाद्या टूलमध्ये 'व्हर्बोज' आहे म्हणून कुणीतरी स्क्रिप्टमध्ये नुसतं 'व्हर' लिहून ठेवलं. पुढच्या आवृत्तीत 'व्हर्जन' आला. टूल लिहिणाऱ्यानं काहीही मोडलं नाही, तरी ती स्क्रिप्ट मोडली. पायथननं ३.५ या आवृत्तीपासून ही ओळख बंद करायची सोय दिली. मी ती पहिल्याच दिवशी बंद करते.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, ही बाई भलतीच कडक आहे. आपल्या बॅचचा एक मित्र, तोही याच धंद्यात आहे, काल जेवताना माझ्याशी यावरूनच भांडला. त्याचं म्हणणं असं, की इंटरनेट उभंच राहिलं ते समोरच्याचं थोडं चुकलेलं चालवून घेण्यावर. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. ब्राउझरला न कळलेला टॅग आला की तो सोडून देतो, पान दाखवतो. बरोबर आहे. पानावरचा एखादा टॅग सोडला तर फार तर मजकूर ओबडधोबड दिसेल. फायली पुसणाऱ्या टूलला ती मुभा कशी देणार?

पण त्याच्या बाजूनंही चांगली उदाहरणं आहेत, आणि ती मी लपवणार नाही. जीसीसी हा सी भाषेचा प्रसिद्ध कंपायलर. 'अमुक प्रकारचा इशारा देऊ नकोस' असा ऑप्शन त्याला दिला, आणि तो इशाराच त्याला माहीत नसला, तर तो गप्प राहतो. जो इशारा त्याला देताच येत नाही, तो देऊ नकोस म्हटल्यानं काय बिघडलं? त्यामुळे नव्या कंपायलरसाठी लिहिलेली ओळ जुन्यावरही चालते. दुसरीच काही तक्रार सांगायची वेळ आली, तर मात्र तो जाता जाता सांगतो की हाही शब्द मला कळला नव्हता. किती विचारानं केलंय पाहा! तोच कंपायलर 'अमुक इशारा दे' असं सांगितलं आणि इशारा माहीत नसला तर लगेच बोलतो. एकाच शब्दाची 'दे' आणि 'देऊ नकोस' ही दोन रूपं त्यांनी वेगवेगळी तोलली.

जावाचं उदाहरण अधिक मानवी आहे. जावा ८ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली, तेव्हा स्मृतीचा पर्मजेन नावाचा एक कप्पाच काढून टाकला. जगभरच्या सर्व्हरांवर त्या कप्प्याचा आकार सांगणारा ऑप्शन लिहून ठेवलेला होता. जावानं तो एका रात्रीत अनोळखी ठरवला नाही. 'हा आता चालत नाही, मी सोडून देतोय' असं सांगत पुढे जायचं, असं ठेवलं. २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ ला तो खरोखर अनोळखी झाला, आणि तो लिहिलेला असला तर प्रोग्राम सुरूच होत नाही. इशाऱ्याबद्दल मी मघाशी जे म्हटलं ते इथे तितकंसं लागू नाही, कारण हा शब्द जावाला माहीत होता. ओळखीच्या माणसाला निवृत्त करणं आणि परक्या माणसाला घरात घेणं, यांना एकच नियम लावता येत नाही.

आणि कधी कधी शब्द आपल्यासाठी नसतोच. वाड्यात पोस्टमन यायचा, एखादं पत्र वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं असायचं, आपण ते फाडत नव्हतो. काही टूल दुसऱ्या टूलला आत बोलावतात, आणि आलेले निम्मे ऑप्शन त्या आतल्याचे असतात. यासाठी जुना रिवाज आहे, मध्ये नुसते दोन डॅश लिहायचे. त्यांच्या पुढचं काहीही बाहेरच्यानं वाचायचं नाही. आर्गपार्समध्ये दुसराही मार्ग आहे, कळलेले ऑप्शन ठेवून घ्या आणि उरलेले जसेच्या तसे हातात द्या. मार्ग सोयीचा आहे, पण तिथे ती अर्धा शब्द ओळखायची सवय आड येते. आतल्याचा ऑप्शन बाहेरच्याच्या एखाद्या ऑप्शनच्या सुरुवातीच्या अक्षरांसारखा असला तर बाहेरचा तो आपला समजून ठेवून घेतो. ही धोक्याची सूचना पायथनच्या अधिकृत माहितीतच दिलेली आहे.

आमच्या सध्याच्या टूलमध्ये हाच वाद चालू आहे. तरुण मंडळींना दोन डॅश लिहायचा कंटाळा येतो, त्यांना उरलेलं आपोआप आत जायला हवंय. मी म्हणते, फायली फक्त वाचणाऱ्या आज्ञांना ती सवलत द्या. पुसणाऱ्या किंवा बदलणाऱ्या आज्ञांना नको. अजून ठरलेलं नाही. सोमवारी परत गेल्यावर बैठक आहे, आणि त्यांच्यातली सर्वांत हुशार मुलगी माझ्या विरुद्ध बाजूला आहे.

माझी पंधरा मिनिटं झाली असं संयोजक घड्याळ दाखवून सांगताहेत. मोबाइल हँग होतो त्याबद्दल कृपया आपल्या डॉक्टर मित्राला विचारा, त्याला नक्की येतं.